फील्डनसाहेबांची पाच वर्षे

1 मार्च 1930 रोजी मुंबईच्या इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे दिवाळे वाजले, तेव्हा त्याची हळहळ वाटणारी माणसे या खंडप्राय देशात फार नव्हती. तीन वर्षांपूर्वी, 23 जुलै 1927 रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईचे केंद्र मोठ्या समारंभाने उघडले गेले होते आणि त्यानंतर महिन्याभराने कलकत्त्याचे. परंतु दीड किलोवॉट शक्तीच्या त्या दोन प्रक्षेपकांचा आवाज आपापल्या शहराच्या आसपासच्या टापूपलीकडे धड पोहोचत नव्हता, संच विकत घेण्याची ऐपत मूठभरांची होती, आणि दहा रुपयांच्या वार्षिक परवान्यातून कंपनीच्या पदरी पडणारा हिस्सा खर्चाच्या मानाने इतका तुटपुंजा होता, की तिने तीन वर्षे तग धरली याचेच नवल करावे. सबंध देशातील परवान्यांची संख्या तेव्हा आठ हजारांच्या आत होती. 1 एप्रिल 1930 पासून सरकारने हा व्यवहार काहीशा नाखुषीनेच आपल्या हाती घेतला आणि उद्योग व मजूर खात्याच्या दप्तरात त्याची नोंद केली. पुढच्याच वर्षी काटकसरीच्या नावाखाली तो बंद करण्याचा हुकूम काढला, आणि त्यावर व्यापाऱ्यांनी व श्रोत्यांनी गिल्ला केल्यावर सहा आठवड्यांच्या आत तो हुकूम मागेही घेतला. पुढे संचांवरील आयात-जकात वाढली, 1932 च्या डिसेंबरात लंडनहून बी.बी.सी.ची साम्राज्यसेवा ऐकू येऊ लागली, तिच्या ओढीने येथील युरोपियनांनी संच घेतले, आणि मरणपंथाला लागलेले हे खाते आपल्या कर्तृत्वाने नव्हे तर परक्या आवाजाच्या कृपेने थोडेफार नफ्यात आले.

ही परिस्थिती लंडनमध्ये एका माणसाला सतत टोचत होती. बी.बी.सी.चे सर्वाधिकारी जॉन रीथ यांना हिंदुस्थानात नभोवाणीचे जाळे उभारले जावे अशी कित्येक वर्षांची तळमळ होती. त्यासाठी त्यांनी इंडिया ऑफिसचे उंबरठे झिजवले होते. अखेर हिंदुस्थान सरकारने एक जाणता अधिकारी उसना मागितला, तेव्हा रीथ यांनी निवडलेला मनुष्य पाहून अनेकांच्या भुवया उंचावल्या असतील. लायोनेल फील्डन हे ईटन आणि ऑक्सफर्ड येथे शिकलेले, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या आघाडीवर लढलेले, नंतर राष्ट्रसंघाच्या कचेरीत आणि निर्वासितांच्या कामात काही काळ घालवलेले गृहस्थ. 1927 साली ते बी.बी.सी.च्या भाषणविभागात हिल्डा मॅथेसन या बुद्धिमान बाईंच्या हाताखाली रुजू झाले. श्रोता हा सभेतला समुदाय नसून आपल्या घरी खुर्चीत बसलेला एकटा मनुष्य आहे, म्हणून त्याच्याशी व्याख्यान न झोडता बोलावे, ही त्या विभागाची शिकवण होती. आणि वादग्रस्त विषयांवरील भाषणांना असलेली बंदी 1928 मध्ये उठल्यानंतर त्याच विभागाने अनेक प्रतिष्ठितांचा रोष ओढवून घेतला होता. अशा तालमीत तयार झालेला, स्वभावाने तऱ्हेवाईक, वरिष्ठांपुढे मान तुकवण्याची सवय नसलेला आणि कारकुनी शिस्तीचा मनापासून तिटकारा असलेला हा मनुष्य, जगातील सर्वांत कागदबाज अशा सरकारच्या नोकरीत, 1935 च्या ऑगस्टअखेरीस कंट्रोलर ऑफ ब्रॉडकास्टिंग या हुद्द्यावर दाखल झाला.

ज्या खात्याचे ते प्रमुख झाले, त्याचा पसारा तेव्हा मुंबई आणि कलकत्ता येथील ती दोन जुनी केंद्रे आणि दिल्लीला उभारावयाचे तिसरे, एवढाच होता. दिल्लीचा 20 किलोवॉटचा प्रक्षेपक त्यांच्या येण्यापूर्वीच मंजूर झालेला होता. अलीपूर रोडवरील 18 क्रमांकाच्या बंगल्यात वादनगृहे थाटण्यात आली आणि 1 जानेवारी 1936 रोजी तेथून कार्यक्रम सुरू झाले. एखाद्या खासगी कंपनीत जे काम तोंडी सांगितल्याने दुपारपर्यंत होते, त्यासाठी येथे टिपण लिहावे लागे, ते टिपण अर्थखात्याकडे जाई, तेथून शेरा घेऊन परत येई, पुन्हा खुलाशासाठी जाई. इमारत म्हटली की बांधकामखाते, सामान म्हटले की खरेदीखाते आणि माणूस म्हटले की नेमणूक-आयोग, असे प्रत्येक पावलाला एकेक दरवाजा आणि प्रत्येक दरवाज्यावर एकेक चोपदार. गवयाला आज गाण्यासाठी बोलवावयाचे आणि त्याची बिदागी हिशेबतपासनिसाच्या नियमांत बसवावयाची, हे दोन्ही एकाच मनुष्याकडून व्हावे ही सरकारची अपेक्षा होती. फील्डनसाहेब या दिरंगाईविरुद्ध अखंड भांडत राहिले, आणि त्या भांडणात त्यांची प्रकृतीही ढासळली.

परंतु या माणसाला केवळ भांडणेच येत होती असे समजण्याचे कारण नाही. त्यांच्या मुत्सद्देगिरीचा एक प्रसंग त्यांनी आपल्या आत्मचरित्रात रंगवून सांगितला आहे. ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ हे खात्याचे नाव त्यांना अगदी नकोसे होते, कारण त्याला सरकारी कचेरीचा दर्प येत होता. आणि सचिवालयातील अधिकाऱ्यांना ते नेमके त्याच कारणासाठी प्रिय होते. कागदोपत्री हा वाद मिटण्यासारखा नाही, हे ओळखून त्यांनी एका मेजवानीनंतर नवे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना एका कोपऱ्यात गाठले. हे नाव फारच बोजड आहे, ब्रॉडकास्टिंग हा शब्द हिंदी लोकांच्या जिभेवर नीट बसत नाही, ‘इंडियन स्टेट’ म्हटले की संस्थानांचा घोटाळा होतो, आणि मला तर दुसरे काही सुचत नाही, तेव्हा आपणच मदत करावी, अशी नम्र विनवणी त्यांनी केली. व्हाइसरॉय विचारात पडले. ‘ऑल इंडिया’ असे काहीतरी हवे, असे त्यांच्या तोंडून निघताच फील्डन यांनी थक्क झाल्याचा आविर्भाव केला. मग ब्रॉडकास्टिंगऐवजी काय, असे विचारल्यावर थोड्या वेळाने ‘रेडिओ’ हा शब्दही लाटसाहेबांनाच स्फुरला. ही आपलीच कल्पना अशी एकदा व्हाइसरॉयांची खात्री पटल्यावर सचिवालयात कोणाची विरोध करण्याची प्राज्ञा नव्हती. 8 जून 1936 पासून खात्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. आत्मचरित्रकार स्वतःच्या चातुर्याच्या कथा सांगताना थोडा मीठमसाला लावतातच. तरीपण सरकारदरबारी काम कसे उरकून घ्यावे लागते याचा इतका नेमका दाखला क्वचितच सापडेल.

यंत्रसामग्रीच्या प्रश्नात मात्र त्यांना दुसऱ्यांच्या अकलेवर विसंबणे भाग होते. 1936 च्या आरंभी बी.बी.सी.चे संशोधनप्रमुख एच. एल. कर्क येऊन पाहणी करून गेले, आणि त्याच वर्षी सी. डब्ल्यू. गॉयडर मुख्य अभियंता म्हणून आले. हे गॉयडर म्हणजे एक अजब असामी. 1924 साली, लंडनजवळच्या मिल हिल शाळेत विद्यार्थी असतानाच, त्यांनी स्वतःच्या यंत्रावरून थेट न्यूझीलंडातील एका हौशी गृहस्थाशी बिनतारी संभाषण साधले होते. ब्रिटन आणि न्यूझीलंड यांच्यातील तसा हा पहिलाच दुतर्फी संवाद. हिंदुस्थानचा विस्तार पंधरा लक्षांहून अधिक चौरस मैलांचा, येथील उष्ण हवेत मध्यम लहरींवर खरखर फार, आणि हाताशी असलेला पैसा आधी 20 लक्ष व पुढे वाढवून 40 लक्ष रुपये. एवढ्यात सबंध देश मध्यम लहरींनी व्यापणे केवळ अशक्य होते. म्हणून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे लघुलहरींचे प्रक्षेपक बसवावे आणि गुळगुळीत नसली तरी ऐकू येईल अशी सेवा देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचवावी, असा गॉयडर यांनी आग्रह धरला, आणि 1938 हे साल संपण्यापूर्वी ती योजना अमलात आली. मुंबईचा लघुलहरी प्रक्षेपक त्या वर्षाच्या फेब्रुवारीत सुरू झाला. दरम्यान पेशावर, लाहोर, लखनौ, मद्रास, त्रिचनापल्ली आणि डाक्का ही केंद्रे एकामागून एक उघडत गेली. 1939 च्या अखेरीस केंद्रांची संख्या नऊ झाली होती. ती 1947 पर्यंत तेवढीच राहिली, आणि फाळणीत सहा हिंदुस्थानच्या व तीन पाकिस्तानच्या वाट्याला आली, यावरून त्या चार वर्षांतील झपाट्याची कल्पना यावी.

माणसे जमवण्यात फील्डन यांची दृष्टी काहीशी लहरी, पण बहुधा अचूक होती. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात इंग्रजी शिकवणारे आणि ‘पत्रस’ या नावाने उर्दूत विनोदी लेखन करून कीर्ती मिळवलेले प्राध्यापक ए. एस. बुखारी यांना त्यांनी खात्यात आणले आणि पुढे आपले उपकंट्रोलर केले. त्यांचे धाकटे बंधू झेड. ए. बुखारी तर दिल्ली केंद्रावर आधीपासूनच होते. दोघे भाऊ कमालीचे हुशार, बोलण्यात चतुर आणि आपला वकूब ओळखून असलेले. साहजिकच खात्याच्या नावाने खडे फोडणाऱ्यांनी बी.बी.सी. म्हणजे ‘बुखारी ब्रदर्स कॉर्पोरेशन’ अशी कोटी केली, आणि ती उत्तर हिंदुस्थानात वर्षानुवर्षे चालली. बातम्यांचा विभाग चार्ल्स बार्न्स यांच्या स्वाधीन झाला. बातमीपत्रांच्या हिंदुस्थानी भाषेवरून मात्र जो तंटा सुरू झाला, तो कोणाच्याच चातुर्याने मिटणारा नव्हता: हिंदीच्या अभिमान्यांना तीत फारसीची बजबजपुरी दिसे, उर्दूच्या अभिमान्यांना संस्कृताची घुसखोरी दिसे, आणि दोन्ही पक्षांची निषेधपत्रे एकाच टपालाने कंट्रोलरच्या मेजावर येऊन पडत. गोऱ्या श्रोत्यांची तक्रार निराळीच. विलायती संगीत फार थोडे आणि तेही गैरसोयीच्या वेळी लागते, अशी.

आता ज्या एका प्रकरणाने फील्डन यांचे नाव महाराष्ट्रातील संगीतरसिकांशी कायमचे जोडले गेले, त्याच्याकडे वळले पाहिजे, मग ते रसिक हे नाव जाणत असोत वा नसोत. संवादिनी, म्हणजे आपली पेटी, हिच्याविषयी फील्डनसाहेबांच्या मनात विलक्षण तिरस्कार होता. त्यांच्या खात्यात पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख असलेले जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार हिंदी वाद्यांचा सूक्ष्म अभ्यास करीत होते, हिंदी वादकांचा एक मेळ बसवण्याच्या खटपटीत होते, आणि त्यांनी 1938 मध्ये खात्याच्या ‘इंडियन लिसनर’ या नियतकालिकात या वाद्यावर कडाडून हल्ला चढवला. पुढच्याच वर्षी कलकत्त्यास बदली होऊन गेले असता पटकीने त्यांचा अंत झाला. परंतु ठिणगी पडली होती. पेटीच्या पट्ट्या एकदा लावल्या की लावल्या. तिच्यावर मींड निघत नाही, श्रुतींचे भेद दाखवता येत नाहीत, आणि तिच्या ठोकळेबाज स्वरांच्या सहवासाने गवयाचा गळाही तसाच होत जातो, हा आक्षेप निराधार नव्हता. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांचेही मत या वाद्याच्या विरुद्धच होते. 1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओच्या सर्व केंद्रांवर पेटीला मज्जाव झाला.

या निर्णयाचा महाराष्ट्राला जेवढा धक्का बसला तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणत्या प्रांताला बसला असेल. मराठी संगीतनाटकाच्या रंगभूमीने पेटी केव्हाच आपलीशी केली होती. ‘मानापमाना’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः त्या वाद्याचे असे उस्ताद होते, की त्यांची पेटी ऐकल्यावर तिच्यात मींड नाही हे आक्षेपकालाही काही वेळ आठवू नये. गंमत अशी, की श्रुतींचा हा वाद आमच्याकडे फोल्ड्ससाहेबांच्या पंचवीस-तीस वर्षे आधीच सुरू झालेला होता आणि त्यावर उपायही सुचवला गेला होता. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींचे गणित मांडले, सातारच्या बाजूला न्यायाधीश असलेल्या क्लेमेंट्स या इंग्रज सिव्हिलियनाने त्यात रस घेतला, अब्दुल करीम खाँसाहेबांनी आपल्या गळ्याची साक्ष दिली, आणि या सगळ्यांतून श्रुतींची पेटी तयार झाली. ती प्रचारात रुळली नाही हे खरे. पण वाद्य सुधारावे की वाद्याला हद्दपार करावे, या प्रश्नाला सांगलीकरांनी दिलेले उत्तर दिल्लीच्या उत्तराहून अधिक सौजन्याचे होते, असे मला वाटते. दिल्लीचे उत्तर एका परिपत्रकाच्या रूपाने आले, आणि त्याने पेटीवर पोट असलेल्या शेकडो वादकांना सरकारी केंद्रांची दारे बंद केली. ही बंदी तीस वर्षांहून अधिक काळ टिकली, आणि 1971 साली उठली तीही अंशतःच.

येथे फील्डन यांच्या कारकिर्दीतील मुख्य विसंगती उघड होते. नभोवाणीने सरकारच्या हातातले बाहुले होऊ नये, तिला बी.बी.सी.सारखी स्वतंत्र सनद असावी, निदान लोकांना ज्यांचे शब्द ऐकण्याची उत्कंठा आहे अशा माणसांना तिने दार उघडावे, यासाठी ते पाच वर्षे झटले, आणि त्यांतले काहीही साधले नाही. 1937 मध्ये निवडणुका झाल्या, बहुतेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली, सबंध देश राजकारणाने ढवळून निघाला; परंतु नभोवाणीवरून पक्षीय राजकारण बोलू द्यावयाचे नाही, या सरकारी धोरणाला धक्का लागला नाही. काँग्रेसच्या दृष्टीने ऑल इंडिया रेडिओ हे परक्या सरकारचे मुखपत्र होते, आणि अधिकाऱ्यांच्या दृष्टीने त्याचा प्रमुख हा नको त्या लोकांविषयी सहानुभूती बाळगणारा संशयास्पद इसम होता. गांधीजी दिल्लीच्या नभोवाणी भवनात एकदाच आले, आणि ते 12 नोव्हेंबर 1947 रोजी, कुरुक्षेत्राच्या छावणीतील निर्वासितांशी बोलण्यासाठी. तोपर्यंत फील्डनसाहेबांना हा देश सोडून सात वर्षे लोटली होती. म्हणजे स्वातंत्र्याचे त्यांचे तत्त्व सरकारने बाजूला ठेवले, आणि अभिरुचीचे त्यांचे मत मात्र तत्काळ हुकूम म्हणून देशभर लागू झाले. दोन्हींचे कारण एकच होते: खाते सरकारचे होते. ज्या सत्तेशी ते झगडले, तिच्याच शिक्क्याने त्यांची नावड टिकाऊ झाली. बी.बी.सी.तही रीथ यांनी लोकांना हवे ते देण्यापेक्षा हितकर ते देण्याचा बाणा चालवलाच होता. पण तेथे श्रोता आणि सरकार यांच्यामध्ये एक सनद उभी होती. येथे मध्ये काहीच नव्हते.

1940 मध्ये त्यांनी हिंदुस्थानचा निरोप घेतला. आपल्या मागे त्यांनी 31 मार्च 1939 पर्यंतच्या प्रगतीचा एक विस्तृत अहवाल ठेवला, जो आजही त्या कालखंडाच्या अभ्यासकाला सोडता येत नाही. परवान्यांची संख्या त्यांच्या कारकिर्दीत अनेक पटींनी वाढून 1939 च्या अखेरीस नव्वद हजारांवर गेली होती. परंतु पस्तीस कोटींच्या देशात नव्वद हजार संच म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती, आणि आपले काम फसले असेच ते पुढे म्हणत राहिले. युद्ध पेटताच ज्या सरकारला नभोवाणी हे लचांड वाटत होते त्यालाच तिचे महत्त्व एका रात्रीत पटले. दिल्लीहून मराठीसह अनेक भाषांत बातमीपत्रे जाऊ लागली, आणि जो पैसा फील्डन यांनी मागून मिळाला नव्हता तो प्रचारासाठी मुबलक निघाला. त्यांच्या जागी ए. एस. बुखारी आले, ते त्या पदावरील पहिले हिंदी गृहस्थ.

लंडनला परतल्यावर काही काळ फील्डन बी.बी.सी.त हिंदुस्थानसंबंधीच्या कार्यक्रमांचे संपादक होते, पण तेथेही फार दिवस रमले नाहीत. 1943 साली त्यांनी ‘बेगर माय नेबर’ हे छोटे पुस्तक प्रसिद्ध करून हिंदुस्थानातील ब्रिटिश सत्तेवर आणि एकंदर पाश्चात्त्य यंत्रसंस्कृतीवर जळजळीत टीका केली. तिचा समाचार घेतला तो जॉर्ज ऑरवेल यांनी, आणि योग असा, की ऑरवेल त्या वेळी बी.बी.सी.च्या पौर्वात्य विभागात, फील्डन यांनीच पुढे आणलेल्या झेड. ए. बुखारींच्या देखरेखीखाली, हिंदुस्थानसाठी कार्यक्रम तयार करीत होते. ‘होरायझन’ मासिकातील त्या परीक्षणात ऑरवेल यांनी मेफेअरमधल्या खुशालचेंडू गांधीभक्तांची रेवडी उडवली. फील्डन यांनी त्याच मासिकात तितकेच खोचक उत्तर दिले. दोघेही साम्राज्याचे विरोधकच. पण साम्राज्यविरोधाच्या कोणत्या प्रकाराला सोवळे मानावे, याविषयी त्यांचे पटले नाही. पुढे युद्धकाळात फील्डन इटलीत गेले आणि उत्तरायुष्याचा मोठा भाग तेथेच राहिले. 1960 मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले. 1974 मध्ये ते वारले.

स्वातंत्र्यानंतर खाते देशी मंत्र्यांच्या हाती आले, तेव्हा सनदेचा विषय पुन्हा निघाला असता तर ते स्वाभाविक होते. परंतु 1952 पासून दहा वर्षे माहिती व नभोवाणी मंत्री असलेले आमचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, हे स्वतः शास्त्रीय संगीताचे जाणकार असल्यामुळे, अधिकाराचा उपयोग अभिरुचीसाठी करण्याच्या वाटेने फील्डनसाहेबांच्या कितीतरी पुढे गेले. गायक-वादकांना परीक्षेला बसवून त्यांच्या श्रेणी ठरवण्यात आल्या, संगीत संमेलने व राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले, आणि चित्रपटगीतांना केंद्रांवरून जवळजवळ हाकलून देण्यात आले. इंग्रज कंट्रोलरला जे अर्थखात्याची मनधरणी करून करावे लागत होते, ते मंत्र्याला एका सहीने करता येत होते. शास्त्रीय गवयांची त्यामुळे चांगली सोय झाली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. श्रोत्यांनी मात्र संचाचा काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. कोलंबोहून येणारी हिंदी चित्रपटगीते पुण्यामुंबईच्या चाळींतून ऐकू येऊ लागली, त्यांच्या आगेमागे लागणाऱ्या जाहिरातींचा पैसा सिलोनच्या तिजोरीत पडू लागला, आणि 3 ऑक्टोबर 1957 रोजी त्याच केसकरांच्या खात्याने विविध भारती नावाची हलक्याफुलक्या गाण्यांची नवी सेवा सुरू केली.